चौसष्ट मात्रांचा खांब : कॅसेटमधलं भजन सागवानात उतरवतानाच्या नोंदी

५ जुलै

आमच्या गावच्या खंजिरी भजन मंडळाची एक जुनी कॅसेट आहे, नव्वदच्या दशकातल्या एका भजन स्पर्धेत कोणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरलेली. मंडळाला सभामंडपात ठेवायला काहीतरी हवं होतं. फोटो आणि ढाली भिंतीवर आधीच दाटीनं लागल्या आहेत. मी म्हटलं, भजनच उभं करू. म्हणजे आवाजाच्या मोजमापातून एक वस्तू घडवायची, हात लावता येईल अशी. मंडळानं होकार दिला. नेमकं काय होणार हे मलाही तेव्हा सांगता येत नव्हतं, पण खर्च त्यांनी विचारला नाही, म्हणून मीही विषय काढला नाही.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात कॉम्प्युटर दुरुस्ती आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान चालवतो. लाकूडकामाचा अनुभव शून्य. पुढं कोणी हेच करू पाहील तर त्याचा वेळ वाचावा म्हणून हे लिहून ठेवून राहिलो.

९ जुलै

सुरुवात पत्र्यापासून केली, कारण ते सगळ्यात स्वस्त. जर्मनीचा शास्त्रज्ञ क्लाडनी यानं १७८७ मध्ये हा प्रयोग छापला. पितळी किंवा काचेच्या पातळ तबकडीवर वाळू टाकायची, कडेला व्हायोलिनचा गज ओढायचा, की वाळू सरकून नक्षी होते. पत्रा जिथं थरथरत नाही त्या रेषांवर वाळू जाऊन बसते. गजाऐवजी मी भंगारातला आठ इंची वूफर घेतला. त्याच्या कोनाच्या मध्यावर एक बोल्ट चिकटवला आणि त्यावर एक फूट चौरस पत्रा कसला. मोबाइलवरच्या टोन जनरेटरमधून एकेक सूर सोडला.

घरात वाळू नव्हती म्हणून रांगोळी टाकली. नक्षी आली, पण उलटी. चित्रात जिथं रेषा दाखवतात तिथं पत्रा मोकळा, आणि भलत्याच ठिकाणी रांगोळीचे लहान ढीग. बराच वेळ बोल्ट सैल आहे म्हणून तो कसत बसलो. कारण दुसरंच होतं. फॅरडेनं १८३१ मध्येच दाखवलंय की फार बारीक भुकटी पत्र्याच्या हालचालीपेक्षा पत्र्यालगतच्या हवेच्या प्रवाहाबरोबर जाते आणि थरथर जास्त असेल तिथंच जमते. रांगोळीत बारीक पूड भरपूर असते. नाल्याची वाळू धुऊन, वाळवून चाळणीनं दोनदा चाळली. वरचे खडे टाकले, खालची धूळही टाकली, मधला दाणा ठेवला. मग रेषा बरोबर जागी आल्या.

१६ जुलै

पत्रा बंद करतो आहे. एका सुराला नक्षी सुंदर येते, तीही ठरावीक सुरांनाच. मधल्या सुरांना वाळू नुसती इकडंतिकडं फिरते. भजन लावलं तेव्हा दहा-बारा सेकंदांत अर्धी वाळू फरशीवर. गाणं, हार्मोनियम, टाळ, खंजिरी सगळं एकदम चालू असतं, त्यामुळं एक नक्षी बसायच्या आत दुसरी सुरू होते.

आणि माझं खरं भांडण वेगळंच आहे. पत्रा तोच ठेवला तर कोणाचंही गाणं लावा, नक्ष्यांचा संच तोच. पत्र्याचा आकार, जाडी आणि कुठं कसलाय यावर ती ठरते. मंडळाच्या नावानं पत्र्याची नक्षी उभी करणं मला पटेना. त्यात वाळू चिकटवायला पाण्यात फेविकॉल मिसळून स्प्रे मारला तर थेंबांनीच रेषा मोडल्या.

वाचता वाचता एक चांगली गोष्ट सापडली. सी. व्ही. रामन यांनी आपल्या चर्मवाद्यांवर काम केलं तेव्हा कातड्यावर बारीक वाळू पसरून कंपनांच्या आकृत्या पाहिल्या होत्या. तो लेख १९३४ चा. मृदंग-तबल्याच्या पुडीवरची शाई, म्हणजे मधला काळा गोल, वरचे सूर मूळ सुराच्या पटीत आणून बसवते, म्हणून तबल्याला सूर लागतो, हे त्यांनी दाखवलं. खंजिरीला शाई नसते, म्हणून तिचा आवाज नुसता थाप. हेच रामन १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरात सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते. मंडळाच्या खंजिरीवर मीही वाळू टाकून पाहिली. खंजिरी वाजवणाऱ्या मामाजींनी ती ताबडतोब हातातून घेतली आणि कातडं फडक्यानं पुसलं. तो प्रयोग तिथंच संपला.

२४ जुलै

माती. शेजारच्या गावच्या कुंभारकाकांना चाकावर एक उंच भांडं करून त्यावर आवाजाप्रमाणं वळ्या पाडायला सांगितल्या. ओलं असताना झकास दिसलं. वाळताना आकसलं, भाजल्यावर आणखी आकसलं, आणि लहान वळ्या बोटालाही लागेनात. पावसाळ्यात भट्टी लावणं त्यांना जिवावर आलं होतं, तरी लावली. मजुरी दिली, नाद सोडला. मोजमाप टिकलं पाहिजे तर वाळलेली वस्तू कापूनच काढावी लागेल, म्हणजे लाकूड आणि खराद (लेथ).

२ ऑगस्ट

लाकडाकडं जाण्याआधी कॅसेटचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा आहे. टेपच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या भोकात वायर टाकली, काहीच ऐकू येईना. हल्लीच्या लॅपटॉपला एकच भोक असतं आणि त्यात माइकसाठी वेगळी, चार कड्यांची पिन लागते. साडेतीनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड घेतलं. त्याचं माइकचं भोक नाजूक आवाजासाठी असतं, तेव्हा टेपचा आवाज पावच ठेवायचा. माझी पहिली फाइल वरून सपाट कापली गेलेली होती, ती पुसली.

मग घुमघुम. पन्नास हर्ट्झची, वीजपुरवठ्याची. वायर बदलल्या, फरक नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला, घुमघुम गेली.

१० ऑगस्ट

ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात आवाज स्पेक्ट्रोग्रामच्या रूपात पाहता येतो. आडव्या दिशेनं वेळ, उभ्या दिशेनं सुराची उंची, आणि जिथं जोर जास्त तिथं रंग भडक. हार्मोनियमचा सूर त्यात सरळ आडवी रेघ दिसायला हवी, कारण हार्मोनियमची जीभ काही सूर हलवत नाही. माझ्या फाइलीत ती रेघ हेलकावे खात होती. म्हणजे टेपची गती एकसारखी नव्हती.

जुन्या टेपमधला रबरी बेल्ट ढिला झाला होता. वर्ध्याला एका रेडिओ मेकॅनिककडं बेल्ट बदलला, हेड साफ करून घेतलं, दीडशे रुपये. परत आवाज भरला, रेघ सरळ. ज्या कोणाकडं जुनी कॅसेट आहे आणि तिच्यात हार्मोनियम आहे, त्यानं आधी ही रेघ पाहावी. गती हलत असेल तर पुढचं सगळं मोजमाप वाया.

१८ ऑगस्ट

आकार ठरला : उभा खांब. खालून वर वेळ जाते. प्रत्येक कडं म्हणजे आवाजाचा एक तुकडा, आणि कड्याची जाडी म्हणजे त्या तुकड्यातला जोर.

पहिला आराखडा मी एका सेकंदाचे दहा तुकडे करून काढला. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, त्यामुळं दहा म्हणजे मला फारच कमी वाटत होते. कागदावर प्रिंट काढून आर्वीच्या खरादवाल्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी कागद हातात घेतला, दीड-दीड मिलिमीटरची ती कडी पाहिली आणि फळीवरून एक पटाशी काढून माझ्या तळहातावर ठेवली. पाव इंची. "भाऊ, याच्याहून बारीक मायाजवळ नाही. अन् असती तरी लाकूड थांबलं असतं का तेवढ्यात? टवका उडून गेला असता." सागवानाच्या धाग्याच्या आडवं इतकं अरुंद कडं ठेवलं तर ते बाजूनं निघून येतं, हे त्यांनी एका फळकुटावर करूनही दाखवलं.

म्हणजे एका कड्याला किमान ६.४ मिलिमीटर. तिथून उलटा हिशेब सुरू केला. कॉम्प्युटर लाखो आकडे देतो, खांबाला शंभराच्या आतले पुरतात. आवाजातलं काय फेकायचं हे ठरवण्यातच या कामाची सगळी अक्कल लागते, आणि ते कोणतंही सॉफ्टवेअर ठरवून देत नाही.

सेकंद सोडून दिले आणि मात्रा, म्हणजे ठेक्यातला एक ठोका, धरली. एक मात्रा, एक कडं. ठेका आठ मात्रांचा आहे. ठेक्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे आवर्तन. आठ आवर्तनं घेतली तर चौसष्ट कडी.

दुसरा फायदा नंतर लक्षात आला. खंजिरी भजनात लय चढत जाते. मी घेतलेल्या तुकड्यात सुरुवातीला मिनिटाला नव्वदच्या आसपास मात्रा पडतात, शेवटी दीडशेच्या. एका सेकंदाला १६ मिलिमीटर उंची दिली तर खालची कडी साडेदहा मिलिमीटरच्या वर येतात आणि शेंड्याची ६.४. लय चढताना कडी बारीक होत जातात, आणि सगळ्यात बारीक कडं बरोबर मिस्त्रींच्या पटाशीएवढं. तुकडा चौतीस सेकंदांचा, खांब ५४४ मिलिमीटरचा, म्हणजे पावणेदोन फूट आणि वर थोडा.

मात्रा हातानं खुणावल्या. ऑडॅसिटीत आवाज चालू असताना कंट्रोल आणि एम दाबलं की त्या जागी खूण पडते. बोट नेहमी थोडं उशिरा पडतं, म्हणून अर्ध्या गतीनं वाजवून खुणा केल्या आणि मग प्रत्येक खूण ओढून खंजिरीच्या थापेच्या उभ्या रेघेवर नेली. आपोआप मात्रा शोधणारे प्रोग्रॅमही वापरून पाहिले, पण टाळ आणि खंजिरीच्या मधल्या टोल्यांनाही ते मात्रा धरतात. खुणांची यादी साध्या मजकुराच्या फाइलीत बाहेर काढता येते. पुढचं काम वीस-पंचवीस ओळींच्या पायथॉन प्रोग्रॅमनं.

ऑडॅसिटीतूनच नमुन्यांचे आकडे बाहेर काढायचे असतील तर ते एका वेळी दहा लाखांपर्यंतच देतं. ४४,१०० च्या हिशेबानं ते तेवीस सेकंदांतच संपतात. मी आधी ती वाट धरली होती. पायथॉन येत नसेल तर आवाज आठ हजारांवर आणावा, म्हणजे दोन मिनिटं मावतात. फक्त मग ४,००० हर्ट्झच्या वरचं काही उरत नाही. मला पुढं नेमकं तेच लागणार होतं.

२५ ऑगस्ट

मिस्त्री भेटत नाहीत. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याच्या, आधी आमच्याकडं कोणताही सुतार दुसरं काम घेत नाही. दुकानाबाहेर लाकडी बैलांची रांग लागलेली, पोरं आपापल्या बैलाची चाकं फिरवून पाहून राहिलेली. "पोळा होऊ द्या, मंग या." कामाचं वेळापत्रक आखताना विदर्भातल्या माणसानं हे धरूनच चालावं.

६ सप्टेंबर

आधी आडजात लाकडावर एक नमुना करायचं ठरलं, सागवान वाया नको म्हणून. हार्डबोर्डचा फर्मा कापून दिला होता. मिस्त्री कडं उतरवत, कॅलिपरनं मोजत, फर्मा लावून बघत. चौसष्ट कडी दुपारपर्यंत पूर्ण.

लेथ थांबली. दाराशी उभी असलेली पोरं आत आली, आणि त्यांतलं एक म्हणालं, "हा त पलंगाचा पाय होय ना!"

खरंच तसंच. सगळी कडी जवळजवळ सारखी, ७५ ते ८५ मिलिमीटरच्या मध्ये. पहिल्या आवर्तनात बुवा एकटे गातात, सातव्यात सगळं मंडळ तुटून पडतं, आणि खांबावर दोन्हीकडं तीच जाडी. मिस्त्री काही बोलले नाहीत, बिडी पेटवली.

१४ सप्टेंबर

कारण सापडायला आठवडा गेला. आधी वाटलं प्रोग्रॅममध्ये चूक आहे. आकडे हातानं तपासले, बरोबर निघाले. दोष टेपरेकॉर्डरचा, ज्यानं हे भजन मुळात भरलं त्याचा. त्या काळच्या घरगुती टेपमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट असायचं. हळू आवाज आला की ते वाढवतं, मोठा आला की दाबतं. कॅसेट ऐकणाऱ्याची सोय होते, पण जोराची नोंद पुसून जाते. कॅसेटमधला एकूण जोर म्हणजे मंडपातला जोर नव्हेच.

मग जोर सोडून प्रमाण घेतलं. सर्किट सगळ्या आवाजाला एकत्रच वाढवतं-घटवतं. त्यामुळं एकाच मात्रेतला खंजिरीच्या झांजांचा वाटा आणि एकूण आवाज यांचा भागाकार केला तर सर्किटची ढवळाढवळ दोन्हीकडून कटते. झांजांचा आवाज ५,००० हर्ट्झच्या वर भरपूर असतो, माणसाच्या गळ्याचा मुख्य भाग त्याच्या बराच खाली. वरचा पट्टा फिल्टरनं वेगळा काढला.

त्यात आणखी एक अडचण : टेपची सळसळ. तीही वरच्याच पट्ट्यात असते. भजन सुरू होण्याआधी कॅसेटवर दोन-तीन सेकंद नुसती सळसळ आहे, ती मोजली. वजा करताना सरळ वजाबाकी करू नये, वर्ग करून वजा करावेत, कारण एकमेकांशी संबंध नसलेल्या आवाजांची ताकद वर्गांत मिळते. उदाहरणार्थ, मात्रेचा आकडा ०.०५० आणि सळसळीचा ०.०३० असेल तर ०.००२५ मधून ०.०००९ वजा, उरतात ०.००१६, त्याचं वर्गमूळ ०.०४०. सरळ वजाबाकीनं ०.०२० आलं असतं, निम्मं. मी काही वेळ तेच करत होतो आणि सगळी हळू कडी काडीएवढी येत होती.

नवीन आकड्यांत जीव आहे. बुवा एकटे गातात तिथं बारीक, मंडळ उचलून धरतं तिथं जाड. सगळ्यात कमी प्रमाणाला ४० मिलिमीटर, सगळ्यात जास्त प्रमाणाला ९०, बाकी त्यांच्या मध्ये सरळ प्रमाणात. आधी किमान ३० धरलं होतं. मिस्त्री म्हणाले, एवढ्या लांबीला तीस ठेवलं तर मधून वाकून नाचेल.

२१ सप्टेंबर

फर्मा कापायच्या आधी नवा आराखडा खऱ्या मापात कागदावर छापून मामाजींना दाखवायला नेला. त्या कॅसेटमधली खंजिरी त्यांचीच, आता वय ऐंशीच्या पुढं. प्रत्येक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मी लाल रेघ मारली होती, तिथं खांबावर खाच येणार होती.

मामाजींनी चष्मा लावला, लॅपटॉपवर भजन लावायला सांगितलं, आणि कागदावर खालून वर बोट सरकवत गेले. दुसऱ्या आवर्तनात बोट थांबलं. "हे तांबडं इथं काऊन?"

"सम आहे ना मामाजी."

"सम नाही होय थे. तू उठानापासून मोजून राह्यला. पह्यल्या तीन मात्रा सोड, मंग मुखडा पकडते बुवा."

परत लावलं. बरोबर होतं. कानाला पहिली थाप ऐकू आली तिथून मी मोजायला लागलो होतो, पण ती उठानाची, म्हणजे समेआधीच्या उचलीची. तीन मात्रा खालून काढल्या, तीन वरून जोडल्या. आराखड्यात बदल करायला अर्धा तास लागला. हेच लाकडात कळलं असतं तर सागवान वाया गेलं असतं. ज्यानं वाजवलं तो माणूस हयात असेल तर कागद त्याच्याकडं न्यावा, एवढंच सांगतो. त्यांनी आणखी एक कडं दाखवलं, पाचव्या आवर्तनातलं, आणि विचारलं हे एवढं जाड कसं, मी तर तिथं हळू वाजवली. ऐकून पाहिलं तर त्या मात्रेवर कोणीतरी माइकजवळ टाळ आपटलेत. ते कडं तसंच ठेवलं.

५ ऑक्टोबर

लाकूड. नवीन सागवान डेपोतून बिलासकट घेता येतं, आणि सागवानाची वाहतूक करायची तर कागद लागतोच. बल्लारशाचं सागवान नावाजलेलं, अयोध्येच्या राममंदिराला २०२३ मध्ये गेलं ते चंद्रपूर-बल्लारशाचंच. पण ताजं कापलेलं लाकूड वाळताना तडकतं, आणि मला तेवढा धीर नव्हता. गावात एक वाडा पाडणं चालू होतं. तिथली एक मयाल, म्हणजे तुळई, मिळाली, पाच इंची चौकोनी, सात फुटी, अठराशे रुपयांत, पावतीसह. अनेक वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड, आता हलायचं नाव घेत नाही.

अशा लाकडात खिळे असतात. पत्र्याच्या प्रयोगातला वूफर उघडला, त्याचं लोहचुंबक दोरीला बांधून चारही बाजूंनी फिरवलं. चुंबक जिथं चिकटलं तिथून जुने, हातानं घडवलेले चौकोनी खिळे निघाले. आरा मशीनवर दोन-दोन फुटांचे तीन तुकडे केले.

१२ ऑक्टोबर

चुंबकाला खोल गेलेला खिळा कळत नाही. पहिल्या तुकड्यात इंचभर आत एक निघाला, पटाशीच्या धारेला चंद्रकोर पडली आणि मिस्त्रींनी त्या दिवसापुरतं काम बंद केलं. त्यांचं बरोबरच होतं. सागवानात मुळातच वाळूसारखा अंश असतो, धार लवकर मरते. एरवी तासाभरानं धार लावावी लागते, त्यात खिळा. तो तुकडा बाजूला ठेवला.

दुसऱ्या तुकड्यावर नवी पीडा. खांबाचा मधला भाग बारीक व्हायला लागला तशी पटाशी टेकवली की लाकूड थरथरायला लागायचं, किर्र आवाज, आणि पृष्ठभागावर तिरक्या लाटा. पॉलिश पेपरनं त्या जात नव्हत्या. यात तीन कारणं एकत्र होती. पहिलं म्हणजे क्रम. मिस्त्री खालून वर जात होते, त्यामुळं मधला बारीक भाग झाला तेव्हा वरचा जाड ठोकळा तसाच फिरत होता. दुसरं, मधे आधार नव्हता. तिसरं म्हणजे वीज. गावातल्या मोटारी चालू असल्या की व्होल्टेज १७० वर यायचं आणि लेथची गती मधेच पडायची, पटाशी अडकायची.

उपाय असा केला. आधी सगळा ठोकळा सरळ गोल केला. मग दोन्ही टोकांकडून कडी उतरवत मध्याकडं आलो. मध्यावर लाकडाचाच एक अर्धगोल आधार, आत मेण लावलेला, मागून दाबून धरला, आणि तो धरण्याचं काम माझ्याकडं आलं. व्होल्टेज चांगलं राहतं ती वेळ पाहून घेतली. अशी लाट आलेला तुकडा जळणात न टाकता दुकानातच ठेवला आहे, मिस्त्री नव्या कारागिराला दाखवतात.

सागवानाचा भुसा नाकातोंडात जातो, काहींना अंगावर खाजही सुटते. मला सुटली. रुमालानं भागत नाही, चांगला मास्क घ्या.

१९ ऑक्टोबर

तिसरा तुकडा लागला. खिळा नाही, गाठही नाही.

समेच्या खाचेबद्दल मिस्त्रींनीच युक्ती काढली. नुसती खाच लांबून दिसत नाही. त्यांनी पटाशीच्या कोपऱ्यानं बारीक खाच पाडली, लेथ चालू ठेवली, आणि लोखंडी तारेची दोन्ही टोकं लाकडी मुठींना बांधून तार त्या खाचेत दाबून धरली. काही क्षणांत धूर, जळक्या सागवानाचा वास, आणि तार काढली तर कोळशासारखी काळी, केसाएवढी स्वच्छ रेघ. लाटण्यावर करतात तशीच. आठ समांना आठ रेघा. तार बोटाला गुंडाळून कधीही धरू नये, अडकली तर बोट घेऊन जाईल, हे त्यांनी मला बजावलं, आणि मग माझ्या हातात मुठी दिल्या. शेवटची रेघ मी मारली. थोडी जाड आहे.

या वेळी पोरांपैकी कोणी पलंगाचं नाव काढलं नाही. एकानं विचारलं, वरची कडी एवढी जवळजवळ कशी. लय चढली म्हणून, असं सांगितलं तर त्यानं बोटानं कडी मोजत तोंडानं ठेका धरला, आणि बऱ्यापैकी जमवला.

२ नोव्हेंबर

पॉलिश. बाजारातलं चकचकीत पॉलिश नको होतं, हात फिरवताना लाकूड लागायला हवं. जवसाचं तेल लावायचं ठरवलं. आमच्याकडं घाणीवर मिळतं, चटणीवर घेतो तेच. पहिला हात लावला आणि आठवडा उलटला तरी चिकट. खायचं कच्चं तेल वाळायला फार वेळ घेतं, आणि मी ते जाड थापलं होतं. फडक्यानं जास्तीचं पुसून काढलं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल आणलं, पातळ हात, पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसणं, एक दिवस वाळवणं, पुन्हा. तीन हातांत काम झालं.

एक गोष्ट गांभीर्यानं. जवस तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. भुसा पडलेल्या दुकानात तर नकोच. पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. माझ्या घरी कापूस वेचून आणलेला पडवीत पडला होता, त्याच्याजवळच मी पहिल्या दिवशी फडकं टाकलं होतं. बायकोनं उचलून बाहेर टाकलं, तेही वासामुळं.

१६ नोव्हेंबर

खांब सभामंडपात बसवला. बाभळीची जड बैठक, खालून एक लांब बोल्ट. बैठक हलकी ठेवली असती तर पोरांनी पहिल्याच दिवशी पाडला असता. शेजारी छोट्या पाटीवर एवढंच : खालून वर वाचा, काळी रेघ म्हणजे सम. पाटीवर कॅसेटच्या त्या चौतीस सेकंदांचा क्यूआर कोडही लावायचा विचार होता, पण मंडळातल्या दोघांचं म्हणणं पडलं की आधी सगळ्या गायकांच्या घरच्यांना विचारू. तो विषय अजून बैठकीत आहे.

खर्च, विचारणाऱ्यांसाठी : साउंड कार्ड ३५०, टेप दुरुस्ती १५०, मयाल १,८००, आरा मशीन २००, हार्डबोर्ड आणि प्रिंट १८०, लेथची मजुरी नमुन्यासकट ३,२००, पॉलिश पेपर आणि तेल ३४०, बैठक आणि बोल्ट ४५०. एकूण ६,६७०. पत्रा आणि माती यांत साधारण नऊशे गेले ते वेगळे. खिळा लागलेल्या पटाशीचे पैसे मिस्त्रींनी घेतले नाहीत, मी दुसरी आणून दिली.

मंडळाला आता दुसरा खांब हवा आहे, या वेळी आजच्या पोरांच्या भजनाचा. ते मी मोबाइलवर भरणार आहे. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये आपोआप पातळी सांभाळण्याची सोय असते, ती आधी बंद करणार, म्हणजे एकूण जोरही वापरता येईल. मिस्त्रींनी होकार दिलाय, दोन अटींवर : लाकूड खिळ्याचं नको, आणि काम पोळ्याच्या महिन्यात नको.